भुयारातलं खत आणि बुरोंडीच्या मिरच्या

सातविणकोंड, ता. संगमेश्वर
१० फेब्रुवारी २०२५

ती. हौसाताईस,

बाबूचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे कागदापुरता. खरोखर वाकलो की खोकला येतो.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर दोन वाक्यं बोललो की तिसऱ्याला ढास लागते आणि तू पलीकडून "पाणी पी, पाणी पी" करत बसतेस. शिवाय रेंज घाटीच्या टोकाला. तिथवर धापा टाकत चढायचं आणि वर जाऊन खोकायचं, याला काही अर्थ नाही. लिहिताना ढास आली तर पेन खाली ठेवता येतं, तुला कळतही नाही.

तब्येतीचं म्हणशील तर दिवाळीनंतर ताप आला होता, तो गेला, खोकला मागे राहिला. वजन थोडं उतरलंय. हवाबदल, दुसरं काही नाही.

मुख्य विषय वेगळाच आहे. दिवाळीत नितेशच्या टेम्पोतून तुला खताचं पोतं पाठवलं, त्याबद्दल तू अजून अक्षर बोलली नाहीस. मिरचीला घातलंस का? मुळाशी की सरीत? वाघळांची लीद आहे ती, तिच्यात नत्र भरपूर. दुकानातलं पिशवीचं खत तिच्यापुढे काहीच नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही, वाचून आणि करून बघितलंय. तुझ्यासाठी म्हणून दोनदा चाळून, खडे काढून भरलं होतं. झाडं कशी आहेत ते सविस्तर कळव. "बरी आहेत" एवढंच लिहू नकोस.

गुरुप्रसाद गंगाराम शिगवण (बाबू)

*

बुरोंडी
१७ फेब्रुवारी

बाबू,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी बोलणी खा.

हवाबदल म्हणे! मेल्या, तुझ्या बायकोनेच परवा फोन केला. छातीत गाठ आहे, रत्नागिरीला मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढला, सगळं सांगितलं काशीने रडत रडत. आणि तू मला मिरच्या विचारतोस! पाठची बहीण असते तर लपवलं असतंस एक वेळ, पण मी तुला काखेला मारून वाढवलंय. तुझं नाक वाहायचं तेव्हापासून ओळखते तुला.

मिरच्या बऱ्या आहेत. उद्या दापोली-रत्नागिरी गाडीच्या कंडक्टरकडे पिशवी देते. काशीला संगमेश्वर स्टँडवर घ्यायला सांग.

आता मी बोलते ते ऐक. तू वाघजाईच्या भुयारात शिरलास. आपल्या आजोबांच्याही आठवणीत तिथे कुणी गेलं नव्हतं. आप्पा गुरवांनी हात जोडले तुझ्यापुढे, "आत जाऊ नको रे, बाईची जागा ती." पण तू मोजायची टेप घेऊन आत, आणि वर येताना रिकाम्या हाती नाही, तिथली माती पोत्यात भरून! त्यानंतर पंधरवड्यात ताप. याला काय म्हणायचं तूच सांग.

आप्पांना बोलाव, देवीला गाऱ्हाणं घालून घे. एक नारळ लागतो, तुझी अक्कल नाही लागत.

सुखी राहा. (हा आशीर्वाद.)
हौसाताई

*

सातविणकोंड
२५ फेब्रुवारी

ती. ताईस,

मिरच्या पोचल्या. आधी त्यांच्याबद्दल लिहितो, कारण त्या चांगल्या बातमीत मोडतात. रंग गडद, साल तुकतुकीत, देठ जाड. एक चावून बघितली. ढास लागली, पण ती मिरचीची होती, माझी नव्हे. बघितलंस नत्राचं काम? शेणखतावर असली मिरची येऊन दाखव म्हणावं कुणी.

आता गाठ. काशीने अर्धवट सांगितलं असणार, म्हणून नीट सांगतो. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात आहे, लिंबाएवढी. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, कागदी लिंबू की ईडलिंबू? त्या म्हणाल्या, लहान कागदी. कडा खरबरीत. आधी क्षय वाटला होता, थुंकी पुन्हा पुन्हा तपासली, क्षय निघाला नाही. मग नाकातून नळी घालून आतला तुकडा काढला. त्याचा अहवाल असा की मेलेलं मांस आहे, कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत, पण म्हणून कर्करोग नाही असं म्हणता येत नाही. माझ्यासारख्या माणसाला असल्या वाक्याचा किती त्रास होतो ते तुला माहीत आहे. पन्नाशी उलटलेला माणूस, एके काळी विडी ओढणारा, वजन उतरलेलं आणि ही अशी खरबरीत कडेची गाठ. सगळी बोटं एकाच दिशेला जातात.

पुढे दोन वाटा आहेत. बरगड्यांमधून सुई घालून पुन्हा तुकडा घ्यायचा, नाहीतर मुंबईला छाती उघडून फुफ्फुसाचा वरचा भागच कापून काढायचा आणि मग तो तपासायचा. डॉक्टरीणबाईंचा कल सुईकडे होता. मी ऑपरेशन निवडलं. सुईनेही पुन्हा "सांगता येत नाही" आलं तर? बिघडलेला भाग कळतोय ना, मग काढून बाजूला ठेवा. दुरुस्तीला आलेल्या पंपाचं मी हेच करतो. २८ मार्च तारीख मिळालीय. राहिलेल्या फुफ्फुसावर माणूस चालतो-फिरतो, फक्त घाटी चढताना दम लागतो. विहिरीत उतरून पंप काढणं मात्र बंद होईल. मग मी नेमका कोण राहीन, हा प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर कोणत्याही मशीनमध्ये दिसत नाही.

तुला वाटतं मी घाबरलेलो नाही. घाबरलोय. घाबरल्यावर मी मापं घेतो, एवढंच.

भुयाराचा विषय इथेच संपव. हे भुयार थेट गडावर जातं, असं आपल्या गावात सगळे छातीठोक सांगतात. शेजारच्या गावाचंही एक भुयार त्याच गडावर जातं. एवढी भुयारं असती तर गड कधीच खाली बसला असता! म्हणून मी लिहितोय त्या गावाच्या माहितीच्या पुस्तकासाठी ते मोजायला घेतलं. ओणव्याने आत गेलो. वळणापर्यंत लीद घोट्याच्या वर, कोरडी, पिठासारखी भुसभुशीत. वाघळं डोक्यावरून गेली ती गेली. देवी भेटली नाही. वळणाच्या पुढे वाट अरुंद झाली म्हणून फिरलो. एवढं उत्तम खत वाया का घालवा, म्हणून आठवडाभर जाऊन पोती भरली. पडवीत बसून चाळलं. यात कोप कुठून आला?

मी आजारी पडल्यावर वाडी काय बोलते ते मला ऐकू येतं. "बाईने धरला." रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंनी कामधंदा विचारला तेव्हा काशी मला कोपराने ढोसत होती, भुयाराचं सांगा म्हणून. मी सांगितलं नाही. धुळीत काम करता का, जनावरं-पक्षी पाळता का, विचारलं. नाही म्हटलं. पंपदुरुस्ती आणि थोडी शेती, एवढंच सांगितलं. नववीपर्यंत शिकलेला माणूस शिकलेल्या बाईपुढे भुताखेताची गोष्ट घेऊन बसला, हे मला जमणार नाही.

गाऱ्हाणं घालणार नाही. तुला आणि देवीला, दोघींना नमस्कार.

गुरुप्रसाद गंगाराम शिगवण (बाबू)

*

बुरोंडी
४ मार्च

बाबू,

उलट टपाली लिहिते. फोन करणार होते, पण तुझ्या भावोजींनी बंदरावर होडीतून मासळी उतरवून घेताना वाकून बघितलं आणि खिशातला मोबाइल पाण्यात. वर म्हणतात, "भरतीला येईल परत." नवा घ्यायला दापोलीला जायचं, ते काही जात नाहीत. म्हणजे आता मलाही पत्रच.

तुझं पत्र रात्री वाचलं नाही, सकाळी वाचलं, तरी आमटीत दोनदा मीठ पडलं. छाती उघडणार म्हणतोस आणि लिंबू कुठलं ते विचारतोस. मला हसू येत होतं आणि पदर डोळ्याला लावत होते.

बरं, गाऱ्हाणं राहू दे. तुझ्याशी देवीवरून भांडत नाही. मला एकच सांग. लोकांचा पंप बंद पडतो, ते तुझ्याकडे येतात आणि म्हणतात, "आम्ही काय केलं नाय, आपोआप बंद पडला." तेव्हा तू केवढा चिडतोस! गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या सर्वेशला तू माझ्या अंगणात झापलंस, आठवतंय? "पंपात चिखल गेला की वाळू गेली, कोरडा चालवला की उलटा जोडला, सगळं सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही. त्यातलं काय महत्त्वाचं ते मी ठरवीन, तू नाही." असंच म्हणालास की नाही?

मग तू डॉक्टरबाईला काय सांगितलंस? "आपोआप बंद पडला."

विडीचं सांगितलंस, कारण ते तुझ्या पुस्तकात बसतं. भुयाराचं लपवलंस, कारण ते काशीच्या तोंडचं. तू म्हणतोस तसा त्याचा काही संबंध नसेलही. मग सांगायला तुझं काय जातं? बाई हसेल. हसू दे. कापून घेण्यापेक्षा हसून घेतलेलं बरं.

तू सांगशील त्या दिवसापर्यंत मी मासळी बंद केली आहे. बुरोंडीत राहून! दारावरून पापलेट जातात आणि मी वालाची आमटी रांधते. भावोजींनाही तीच. ते तुला रोज काय काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

काशीला सांग, नीट जेव.
हौसाताई

*

सातविणकोंड
१० मार्च

ती. ताईस,

मी सर्वेशला बोललेलं वाक्य तू शब्दन् शब्द बरोबर लिहिलं आहेस. ते मला लागलं.

मुंबईला जायच्या आधी रत्नागिरीला १८ तारखेला दाखवायला जायचं आहे. सांगतो. डॉक्टरीणबाई हसतील, त्यांचं हसू मी तुला सविस्तर लिहून कळवीन, मग तू मासळी खा आणि हा विषय आयुष्यात पुन्हा काढू नकोस. भावोजींना म्हणावं, आठवडाभर कळ काढा.

गुरुप्रसाद गंगाराम शिगवण (बाबू)

*

रत्नागिरी स्टँड
१८ मार्च, दुपार

ताई,

हे पत्र दापोलीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देतोय, टपालाने नको. आधी महत्त्वाचं: मी पाठवलेलं पोतं उघडू नकोस. परसात त्याच्या जवळ झाडलोट करू नकोस. मिरच्यांच्या मुळाशी खुरपू नकोस. कारण पुढे लिहितो. भावोजींचा मोबाइल लावून बघितला, तो अजून समुद्रातच आहे.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

मी अगदी शेवटी, उठता उठता म्हटलं, "आणखी एक, आमच्या बहिणीचा आग्रह म्हणून सांगतो, तुम्ही हसाल." भुयाराचं सांगितलं. त्या मुंबईच्या कागदांवर सही करत होत्या. पेन थांबलं.

"बसा खाली," म्हणाल्या. "वाघळं होती आत?"

"होती."

"लीद कोरडी होती? उकरलीत?"

"उकरली. चाळली."

"चाळली?" एवढं मोठ्यांदा म्हणाल्या की बाहेरची नर्स डोकावली. "तोंडाला काही बांधलं होतं?"

"नाही."

"अहो शिगवण, मी तुम्हाला धुळीचं विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

"मग?"

काशी म्हणाली, "त्यांना वाटलं, तुम्ही आम्हाला अडाणी समजाल." ताई, एवढ्या वर्षांत मी काशीला इतकं थोडक्यात आणि बरोबर बोलताना ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी समजावलं. वाघळांच्या लिदीत एक बुरशी वाढते. कोरडी लीद ढवळली की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात आणि श्वासाबरोबर छातीत जातात. बऱ्याच जणांना काहीच होत नाही. काहींना ताप येऊन जातो. आणि एखाद्याच्या फुफ्फुसात तिची गाठ बनते, ती फोटोत हुबेहूब कर्करोगासारखी दिसते. इथे असे रुग्ण फारसे येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याही मनात आलं नव्हतं. बुरशीसाठी वेगळा रंग लावून तुकडा बघावा लागतो, तसा तो कुणी बघितलेला नाही. "पण आशेवर घरी जाऊ नका," असंही म्हणाल्या, "कर्करोग अजून नाकारलेला नाही. सुई घ्यावीच लागेल."

मी म्हटलं, घाला. त्यांनी तिथल्या तिथे मुंबईला फोन करून २८ तारीख पुढे ढकलली. जुना तुकडा नव्या रंगासाठी पाठवला. सुईही लगेच, आज दुपारच्या आतच झाली. बरगडीत दुखतंय, पण अक्षर बघ, सरळ आहे.

निघताना त्यांनी विचारलं, "ते खत आता कुठे आहे? आणखी कुणाला दिलंत?"

तेव्हा मी तिथूनच भावोजींचा मोबाइल लावला. स्वतःची गाठ ऐकून कुणाला फोन केला नव्हता. तुला दोनदा चाळून पाठवलंय मी. तू ते हातांनी पसरलं असशील, मुळाशी भरलं असशील, तोंडाशी पदर न घेता. तुला खोकला आहे का? ताप येऊन गेला का? खरं लिही, माझ्यासारखं लिहू नकोस.

बाबू

*

बुरोंडी
१९ मार्च

बाबू,

गाडीवाल्याने पत्र घरी आणून दिलं, त्याचं दमलेलं तोंड बघून त्याला चहा पाजला. लगेच त्याच्याच हाती हे देते.

मला काही झालेलं नाही. खोकला नाही, ताप नाही, गुडघे दुखतात ते जुनंच.

आता तुला वाईट वाटेल ते सांगते. पोतं मी उघडलंच नाही. नितेशने उतरवलं तशी मी त्याला गोठ्याच्या मागच्या खोपीत ठेवायला लावलं, तोंडाची सुतळीसुद्धा सोडली नाही. देवीच्या जागेतलं ते, माझ्या मिरच्यांना कसं घालणार? वर एक नारळ ठेवलाय आणि सांगितलंय, "आई, पोराला कळत नाही, तू सांभाळून घे." तू एवढ्या मायेने चाळून पाठवलंस म्हणून बोलले नाही. तू विचारत होतास आणि मी "बऱ्या आहेत" लिहीत होते.

मिरच्या शेणखतावरच्या आहेत. थोडा मासळीचा कुटा घातला होता. ती नत्राची स्तुती वाचून मी आणि भावोजी इतके हसलो की भावोजींना ठसका लागला.

पोत्याचं काय करायचं ते डॉक्टरबाईला विचारून कळव. नारळ मी काढणार नाही, तो आहे तिथे राहील.

सांगितलंस, म्हणून मासळी खायला मी मोकळी झाले. पण सुईचं काय निघतं ते कळेपर्यंत घशाखाली उतरायची नाही. भावोजी वालाला आता काही म्हणत नाहीत. काल स्वतःच सोलायला बसले.

हौसाताई

*

सातविणकोंड
५ एप्रिल

ती. ताईस,

मासळी आण. जे दारावर येईल ते आण.

कर्करोग नाही.

सुईच्या तुकड्यात बुरशी सापडली आणि नवा रंग लावल्यावर जुन्या तुकड्यातही. म्हणजे ती तेव्हापासून काचेवर बसलेली होती, विचारणारं कुणी नव्हतं. हिस्टोप्लाझ्मा तिचं नाव. डॉक्टरीणबाईंनी मला सूक्ष्मदर्शकात दाखवली. काळे बारीक ठिपके, मोहरी फुटून सांडावी तसे. मी म्हटलं, एवढ्याशाने मला लोळवलं? त्या म्हणाल्या, "एवढ्याशाने नाही, तुमच्या 'नाही'ने." आता त्या माझ्याशी तुझ्यासारख्या बोलायला लागल्यात.

ऑपरेशन रद्द. कॅप्सूल आहेत, जेवणावर घ्यायच्या, निदान सहा महिने, मधूनमधून यकृताची रक्ततपासणी. फुफ्फुस अख्खं माझ्याकडेच राहतंय.

कागद हातात आला तेव्हा काशी दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि उठेचना. मी म्हटलं, चल, गाडी जाईल. म्हणाली, "जाऊ दे की एक गाडी." मग आम्ही दोघं तिथेच बसलो आणि एक गाडी जाऊ दिली.

पोत्याबद्दल: तू हात लावू नकोस. इथली पोती विनीतने, म्हणजे आरोग्यकेंद्रातल्या माणसाने, तोंडाला जाड मास्क आणि हातमोजे घालून आधी पाण्याने भिजवली, धूळ उडू दिली नाही, मग खोल खड्ड्यात पुरली. तो पुढच्या आठवड्यात तिकडे येईल. नारळाचं मी त्याला सांगून ठेवलंय. नारळाला धक्का लागणार नाही.

मिरच्यांबद्दल: माझं अनुमान चुकलं. चुकलो याचा एवढा आनंद मला जन्मात झालेला नाही. तुझं पत्र येईपर्यंत रात्री तुला खोकताना बघायचो स्वप्नात, आणि तू तर पोत्याची सुतळीही सोडली नव्हतीस.

गुरुप्रसाद गंगाराम शिगवण (बाबू)

*

बुरोंडी
११ एप्रिल

बाबू,

सुरमई आणली. पहिला तुकडा तुझ्या नावाने बाजूला काढला, तो मांजराने नेला. म्हणजे तुला पोचला असं धरते.

विनीत येऊन गेला. गुणी पोरगा. पोतं पुरलं, नारळ जागच्या जागी. मी त्याला म्हटलं, आमच्या बाबूला देवीने धरला होता आणि देवीनेच सोडवला. तो म्हणाला, "आजी, तुम्ही म्हणता ते मी अहवालात लिहू शकत नाही." मी म्हटलं, नको लिहू, जेवून जा.

तू म्हणशील बुरशी, मी म्हणेन कोप. भुयारात जाऊ नये, एवढ्यावर आपलं जमतंय ना? मग पुरे.

हौसाताई

*

सातविणकोंड
४ ऑक्टोबर

ती. ताईस,

तुझ्याकडे नवा मोबाइल आला आणि माझ्याकडे जुना दम, तरी लिहितोय. बोललेलं मागे राहत नाही.

परवाच्या फोटोत लिंबाची सुपारी झालेली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता व्रणच राहील, कॅप्सूल थोडे दिवस अजून घ्या. वजन परत आलं. काल सकाळी घाटी न थांबता चढलो आणि टोकावरून तुला फोन केला तो त्याचसाठी होता. "काय काम काढलंस?" विचारलंस, मी "काही नाही" म्हटलं. काम एवढंच होतं, की बघ, बोलतोय.

दसऱ्याच्या आधी भुयाराच्या तोंडाला लोखंडी गज बसवले. मी बाहेरूनच मापं दिली, काम दुसऱ्यांनी केलं. वाघळांना जायला-यायला रुंद फट ठेवलीय, त्यांचा काही दोष नाही. पाटीवर मला बुरशीचं नाव आणि सगळी माहिती लिहायची होती. मजकूर तयार होता. आप्पा गुरव वाचून म्हणाले, "बाबू, एवढं वाचीपर्यंत माणूस आत जाऊन परत येईल." शेवटी पाटीवर असं आहे: "देवीची जागा. आत जाऊ नये." खाली बारीक अक्षरात: "वाघळांच्या लिदीमुळे छातीचा रोग होतो." वरची ओळ आप्पांची, खालची माझी. लोक वरची वाचून थांबतात. थांबतात हे महत्त्वाचं. आप्पांनी पाटीला नारळ वाढवला, मी तिथेच उभा होतो. गाऱ्हाण्यात तुझं नावही घेतलं त्यांनी. मी हात जोडले होते. हे भावोजींना सांगू नकोस.

गावाच्या पुस्तकात भुयाराचं पान लिहून झालं. वळणापर्यंतचं माप दिलंय. पुढे लिहिलंय: "येथून पुढे भुयार कोठे जाते, ते माहीत नाही." अख्ख्या पुस्तकात असं वाक्य एकच आहे. काशीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, हे पान सगळ्यांत चांगलं झालंय.

रोपं लावायचे दिवस आले. यंदा वाफा मोठा कर. पिकल्या की कंडक्टरकडे पिशवी दे, मी स्वतः स्टँडवर येईन. शेणखतावरच्याच पाठव.

गुरुप्रसाद गंगाराम शिगवण (बाबू)